भिंतीविना शाळा आणि बिनपगारी तपासनीस

इंदूर-भोपाळ रस्त्याने देवास मागे टाकले की काळीसिंध नदीच्या काठी आमचे सोनकच्छ लागते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या घरी एक जुने स्नेही आपल्या नातीला घेऊन आले. वयाने ते मला वडिलांच्या जागी, म्हणून मी त्यांना आबा म्हणतो. मी हेडमास्तर असल्यामुळे ते मात्र मला 'सर' म्हणतात. फराळ झाला, चहा झाला आणि आबांनी पिशवीतून एक कागद काढून मोठ्या अभिमानाने माझ्या हाती दिला. नात सातवीत होती. मराठीत १०० पैकी ९२ गुण होते.

मला आनंद झाला. सोनकच्छमध्ये राहून मराठीत ९२ गुण म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळणार नाही. बेळगाव-बिदरच्या किंवा बुऱ्हाणपूरच्या वाचकाला ते लगेच कळेल. आमच्या घरांतून मराठी बोलली जाते. ती लिहिली जात नाही. बाजार हिंदीत, शाळा हिंदीत किंवा इंग्रजीत, आणि मराठी उरते ती आरतीपुरती, पत्रिकेपुरती आणि आजीपुरती. मी मुलीला वही-पेन दिले आणि म्हटले, "बाळ, तुझ्या पुण्याच्या आजीला दिवाळीचे चार ओळींचे पत्र लिहून दाखव." तिने पेन हातात धरले, 'प्रिय आजी' लिहिले आणि ती थांबली. पाच मिनिटांनी तिच्या डोळ्यांत पाणी आले. मी वही मिटली. चूक तिची नव्हती.

मुलीचे वडील धार जिल्ह्यात पीथमपूरच्या कारखान्यात पाळीवर असतात. आठवड्यातून एकदा घरी येतात. गावातल्या कोणत्याच शाळेत मराठी नाही, म्हणून तिच्या आईने पडद्यावरची शाळा निवडली. घरबसल्या सगळे विषय, शिवाय मातृभाषा मराठी, अशी त्या संस्थेची जाहिरात होती. संस्थेचे नाव मी लिहीत नाही, कारण हे एका संस्थेचे भांडण नाही. मी मुलीला मराठीचा धडा फोनवर उघडायला सांगितले. धड्यात वाक्य होते, 'प्रत्येक मुलाला चांगली शिक्षा मिळाली पाहिजे.' पुढे प्रश्न होता, 'शहरातील यातायात वाढल्याने कोणते नुकसान होते?' आणखी खाली एक उपदेश होता, 'यश मिळेपर्यंत चेष्टा करीत राहा.'

वाचकहो, हसू येते ना? मलाही आले. पण आपल्यासारख्या दुभाषी घरांत हसून सोडून देण्याजोगी ही गोष्ट नाही. हिंदीतला धडा कोणीतरी, बहुधा यंत्राने, मराठीत लोटला होता. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आपल्याकडे ती दंडाला म्हणतात. तिकडची चेष्टा म्हणजे प्रयत्न, आपल्याकडची म्हणजे टवाळी. हा फरक ज्याला कळतो असा एकही मनुष्य तो धडा मुलीपर्यंत पोहोचण्याआधी मध्ये बसलेला नव्हता. आणि त्याच धड्यावर यंत्राने प्रश्न विचारले, यंत्राने उत्तरे तपासली व यंत्राने ९२ गुण दिले.

मी मास्तर आहे. चूक दिसली की खूण करायची सवय लागलेली. मी तक्रार करायचे ठरवले, आणि तिथून माझे खरे शिक्षण सुरू झाले. संस्थेच्या क्रमांकावर एका यंत्राने माझे आभार मानले आणि तक्रारीचा नंबर दिला. शिक्षण खात्याच्या कार्यालयात गेलो, तर तिथल्या बाबूने अगदी सौजन्याने यादी चाळली आणि सांगितले, "सर, इस नाम की शाला हमारी सूची में है ही नहीं." शाळेला यूडायस क्रमांक नाही, म्हणजे शाळा नाही. जी शाळा नाही तिची तपासणी कोण करणार? संस्थेची नोंदणी दुसऱ्या राज्यातली. तिथे पत्र पाठवले, तर उत्तर आले की संबंधित संस्था 'शैक्षणिक सेवा' देते, ती शाळा नव्हे. पुढे दहावीला मुलगी मुक्त मंडळाची परीक्षा देईल तेव्हा ते मंडळ पाहील. म्हणजे सातवीतला धडा दहावीपर्यंत कोणाचाच नव्हे.

मी कोणत्याही कार्यालयाला दोष देत नाही. प्रत्येकाने आपापल्या नियमाप्रमाणे बरोबर उत्तर दिले. आमच्या देवासात १९४८ पर्यंत एकाच गावात पवारांची दोन राज्ये नांदत होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. बाहेरचे लोक त्याची गंमत करीत. पण त्या काळीही देवासच्या माणसाला आपण कोणत्या पातीचे आणि गाऱ्हाणे कोणत्या दरबारात न्यायचे हे ठाऊक होते. पडद्यावरच्या शाळेतल्या मुलाला कोणतीच पाती नाही.

इथे एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर मला पडद्याचा शत्रू ठरवले जाईल. मार्च २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि जुलैपासून आमच्या प्रदेशात 'हमारा घर, हमारा विद्यालय' ही मोहीम चालू झाली, तेव्हा फोनवरून धडे पाठवणाऱ्यांत मीही होतो. आजारी मूल, लांबच्या वस्तीवरची मुलगी, शाळा सोडून कामाला लागलेला पोरगा, यांना पडद्याचा आधार होतो हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालय १९८९ पासून अशाच मुलांसाठी आहे, आणि तिथे मराठी हा विषय घेता येतो याचे आपण कौतुकच केले पाहिजे. पण त्याच दिवसांत मी आणखी एक गोष्ट पाहिली. धडा पाहिल्याची निळी खूण यायची आणि मूल गल्लीत विटीदांडू खेळत असायचे. कारण मी त्या गल्लीतून चालत जात होतो. मी चालत गेलो नसतो तर ती निळी खूणच खरी ठरली असती.

माझा मुद्दा एवढाच आहे. भिंतींची शाळा स्वस्तात तपासली जाते आणि भिंतीविना शाळा तपासायला महाग पडते. सरकार आणि संस्था सांगतात नेमके उलट. इमारत नाही, बाके नाहीत, शिपाई नाही, म्हणून पडद्यावरची शाळा स्वस्त. इमारतीचा खर्च वाचतो हे खरे. पण इमारतीबरोबर आणखी काहीतरी जाते, आणि ते आजवर फुकट मिळत होते म्हणून कोणत्याही हिशेबात दिसत नाही.

माझ्या शाळेची तपासणी रोज कोण करतो ते पाहा. फाटकासमोरच्या पोहे-जलेबीवाल्याला कोणता शिक्षक किती वाजता येतो हे पाठ आहे. देवासच्या बसच्या कंडक्टरला कोण दांडी मारतो हे ठाऊक आहे. तास रिकामा गेला की मुले ओट्यावर दिसतात आणि संध्याकाळपर्यंत ती बातमी माझ्या कानावर येते. आई वही उलटून पाहते. तिला वाचता येत नसले तरी लाल शाई दिसते. शेजारच्या शाळेतली मुले आमच्या मुलांना विचारतात, "तुमचं त्रिकोणमितीचं प्रकरण झालं का?" निवृत्त मास्तर पारावर बसून प्रश्नपत्रिका मागून घेतात आणि चुका काढतात. वॉर्डाचा सदस्य निवडणूक आली की शौचालय पाहून जातो. यांतल्या एकालाही सरकार छदाम देत नाही. हे सारे बिनपगारी तपासनीस आहेत. वर्षाकाठी येणारा पगारी तपासनीस यांच्याच साक्षीवर आपला अहवाल लिहितो. तो अर्धा दिवस वर्गात बसला तरी त्याला बरेच कळते, ते या मंडळींमुळे.

पडद्यावरच्या शाळेसमोर पोहेवाला नाही. म्हणून जे काम गाव फुकट करीत होते, ते पगारी माणसांकडून करून घ्यावे लागेल. तो पैसा सरकारने अंदाजपत्रकात धरला नाही, तर तेवढी किंमत मुले चुकवतील.

तपासणी हा शिक्षणाचा खर्चिक भाग आहे, हे आपल्या लोकांना फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षण खाती काढली आणि त्याच कागदात निरीक्षकांची तरतूद केली. अनुदान हवे तर तपासणी सोसा, हा करार तेव्हाचा. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळांवरची देखरेख अपुरी आणि सदोष असल्याची त्यांची तक्रार होती. डेप्युटीच्या वर्षातून एका फेरीने काही साधत नाही, निदान तीन महिन्यांनी तपासणी व्हावी, आणि मधूनमधून आगाऊ सूचना न देता शाळेत जावे, असे त्यांनी सुचवले. गावच्या अधिकाऱ्यांवर भिस्त ठेवू नका, त्यांना दुसरी कामे फार, हेही सांगितले. जोतीरावांची ही मागणी भिंती असलेल्या शाळांसाठी होती, जिथे निदान दार लोटून आत जाता येत होते.

आणि दार लोटून आत गेल्यावर काय सापडते, हे महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर शाळांची पटपडताळणी झाली. सुरुवात नांदेडच्या सीमावर्ती जिल्ह्यात आढळलेल्या बोगस पटापासून झाली होती. मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी केली. पटावर नावे होती पण वर्गात मुले नव्हती, असा आकडा २० लाखांच्या आसपास निघाला. त्या नावांवर अनुदान, पोषण आहार आणि शिक्षकांची पदे चालू होती. विचार करा, भिंती होत्या, गाव होते, पोहेवाला होता, आणि तरीही हे घडले. सरकारला सारी यंत्रणा तीन दिवस रस्त्यावर उतरवावी लागली, तेव्हा खरे कळले. पडद्यावरच्या शाळेत कोणाच्या बोटाला शाई लावणार?

कायदाही भिंतींचाच विचार करतो. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचे परिशिष्ट काढून पाहा. दर शिक्षकामागे एक खोली, मुलामुलींना वेगळी शौचालये, पिण्याचे पाणी, मैदान, कुंपण. पहिली ते पाचवी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवी २२० दिवस आणि १००० तास. मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. माझ्या शाळेच्या नळाला पाणी नसेल तर मला नोटीस येते, आणि ती यावीच. पण जिला नळच नाही तिच्यासाठी कोणते परिशिष्ट? तिथे १००० तास म्हणजे मुलाने शिकलेले तास, की यंत्रात साठवून ठेवलेले तास?

हा प्रश्न काल्पनिक नाही. अमेरिकेत ओहायो राज्यात २००० साली एक मोठी पडद्यावरची शाळा निघाली. तिला दर मुलामागे सरकारी पैसा मिळे. २०१५-१६ या वर्षासाठी तिने १५ हजारांहून अधिक मुलांचा पैसा घेतला. राज्याने नोंदी मागितल्या, तेव्हा सहा हजारांच्या थोड्या वर मुलांचाच हिशेब लागला. संस्थेचा बचाव ऐकण्यासारखा होता. कायदा ९२० तासांचे शिक्षण उपलब्ध करून द्या म्हणतो, ते मुलांनी घेतलेच पाहिजे असे म्हणत नाही! राज्याने एकट्या त्या वर्षापोटी सुमारे सहा कोटी डॉलर परत मागितले. जानेवारी २०१८ मध्ये, ऐन वर्षाच्या मध्यावर, शाळा बंद पडली आणि सुमारे १२ हजार मुले एका सकाळी बिनशाळेची झाली. त्याच वर्षी ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मुले प्रत्यक्ष किती शिकली याच्या नोंदी राज्य मागू शकते. पण हे कळायला जवळजवळ अठरा वर्षे गेली होती.

कॅलिफोर्नियातली हकीकत याहून बोधप्रद आहे, कारण तिथे तपासनीसच गुंतलेला होता. तिथे पडद्यावरच्या शाळेला एखाद्या शालेय जिल्ह्याची परवानगी लागते आणि देखरेखीबद्दल त्या जिल्ह्याला शाळेच्या उत्पन्नाचा ठरावीक टक्का मिळतो. जितकी मुले जास्त, तितकी देखरेखीची फी जास्त. दीड-दोनशे मुलांचे चिमुकले जिल्हे हजारो मुलांच्या पडद्यावरच्या शाळांना परवानग्या देऊ लागले. २०१९ साली सॅन डिएगोमध्ये ११ जणांवर आरोप ठेवले गेले. सरकारकडून उकळलेल्या रकमेचा आकडा ४० कोटी डॉलर सांगितला गेला, आणि २० कोटींहून अधिक परत वसूल झाले. ज्याची तपासणी करायची त्याच्याच गल्ल्यातून तपासनिसाला पगार दिला की तपासनीस त्याचा भागीदार होतो. आपल्याकडे उद्या असेच 'स्वयंपूर्ण' तपासणीचे गोंडस प्रस्ताव येतील, तेव्हा हे ध्यानात असू द्यावे.

आणि शिकण्याचे काय झाले? २०१५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या अशा सार्वजनिक पैशाच्या पडद्यावरच्या शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तसल्याच इतर मुलांच्या तुलनेत ही मुले वाचनात वर्षाला ७२ दिवसांइतकी आणि गणितात १८० दिवसांइतकी मागे पडली होती. तिथले शालेय वर्षच १८० दिवसांचे असते. म्हणजे गणितापुरते पाहिले, तर मूल वर्षभर शाळेत गेलेच नाही म्हणा.

आता आपल्या घरी काय चालले आहे ते पाहू. ३१ ऑगस्ट २०२२ रोजी दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी देशातली पहिली आभासी शाळा सुरू केल्याचे जाहीर केले. लगेच राष्ट्रीय मुक्त विद्यालयाने कळवले की पहिली शाळा आमची, आम्ही ती ऑगस्ट २०२१ मध्येच काढली. पहिला कोण यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरले. धडा कोण तपासणार, यावर त्या गदारोळात एक ओळ माझ्या वाचनात आली नाही. १ फेब्रुवारी २०२२ च्या अंदाजपत्रकी भाषणात शैक्षणिक वाहिन्या १२ वरून २०० करण्याची घोषणा झाली, प्रादेशिक भाषांतून शिकवण्याचे आश्वासनही मिळाले. वाहिन्यांचा आकडा भाषणात होता. त्यांवरचा मजकूर कोण, किती वेळात आणि किती पैशांत वाचणार, हा आकडा नव्हता. त्याआधी, २३ डिसेंबर २०२१ रोजी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने पालकांसाठी एक सूचनापत्र काढले होते. खासगी संस्थांच्या धड्यांचा दर्जा आणि तो अभ्यासक्रमाला धरून आहे की नाही, हे पालकांनी पडताळावे, असा सल्ला त्यात होता. हेतू चांगलाच होता. पण पीथमपूरला रात्रपाळी करून आलेल्या बापाने अभ्यासक्रमाशी धडा ताडून पाहायचा, यालाच आता देखरेख म्हणायचे काय? आणि आमच्या पिढीने ज्यांना लिहिती मराठी दिलीच नाही, त्या आईबापांनी मराठीच्या धड्यातली चूक कशी पकडायची?

काही सुशिक्षित मित्र म्हणतात, "सर, संगणकात तर प्रत्येक क्षणाची नोंद असते. तपासणी उलट सोपी झाली." नोंद असते हे मान्य. पण ओहायोतही नोंदी होत्या. महाराष्ट्रात शिक्षकांचे पगार 'शालार्थ' या संगणकप्रणालीतून होतात. २०२५ साली नागपूरकडे त्याच प्रणालीत बोगस शिक्षकांची नावे चढवून पगार काढल्याचे प्रकरण उघडकीला आले आणि अटका झाल्या. यंत्र नोंद ठेवते. नोंद खरी की खोटी हे पाहायला माणूसच पाठवावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. तपासनिसांचे दिवस मीही पाहिले आहेत. साहेब येणार म्हणून आदल्या दिवशी शाळा सारवली जायची, हुशार मुले पुढच्या बाकावर यायची, आणि तपासणीचा निम्मा वेळ पोहे-शेव आणि हारतुऱ्यांत जायचा. हे खोटे म्हणणार नाही. पण साहेबांच्या भीतीने का होईना, वर्षातून एकदा सगळ्या वह्या तपासून तयार असत. वाईट तपासणी सुधारायची असते. ती नाहीशी करून तिच्या जागी निळी खूण ठेवली, तर पोहे वाचतील, पण वह्या तपासल्या जाणार नाहीत.

तपासणीला खर्च किती, याचा अंदाज मी साध्या अंकगणिताने केला. समजा, एका वर्गाच्या एका विषयाचे वर्षाला १२० धडे आहेत आणि प्रत्येक अर्ध्या तासाचा आहे. नुसते एकदा ऐकायचे तर ६० तास लागतात. पाच विषयांचे ३०० तास. रोज सहा तास लक्ष देऊन ऐकणारा जाणता शिक्षक ५० दिवस बसेल, तेव्हा एका भाषेतला एका संस्थेचा एक वर्ग तपासून होईल. अशा किती संस्था, किती वर्ग, किती भाषा! छापील पुस्तकाचे असे नसते. १९६७ साली बालभारती स्थापन झाली. विषय समितीने पुस्तक एकदा वाचले की तेच पुस्तक लाखो मुलांच्या हाती जाते. त्यावर आवृत्ती आणि वर्ष छापलेले असते, आणि चूक राहिली तर ती कोणाच्या नावावर आहे हे कळते. पडद्यावरचा धडा काल एक होता, आज दुसरा. माझ्या तक्रारीनंतर दोन महिन्यांनी मुलीच्या फोनवर ते 'शिक्षे'चे वाक्य नाहीसे झाले होते. चूक सुधारली हे बरेच झाले. पण ती चूक होती याचा पुरावाही तिच्याबरोबर गेला.

मग करावे काय? माझ्या मागण्या फार नाहीत. पडद्यावरची कोणतीही शाळा, सरकारी असो वा खासगी, मुले घेऊ लागली की तिच्या तपासणीचा खर्च सरकारच्या अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत दिसावा, आणि तो पैसा सरकारी तिजोरीतून यावा. संस्थेकडून कर अवश्य घ्या, पण तो तिजोरीत जमा करा. तपासनिसाच्या हाती थेट जाऊ देऊ नका. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शाळा चालवणारा आणि तपासणारा वेगळा असावा, त्यासाठी राज्यात शालेय मानक प्राधिकरण असावे, असे म्हटले आहे. मग पडद्यावरच्या शाळा त्या कक्षेत स्पष्टपणे घ्या. संस्थेने आपली माहिती आपणच जाहीर करण्यावर भागवू नका. प्रत्येक धड्यावर पुस्तकासारखी आवृत्ती, तारीख आणि जबाबदार माणसाचे नाव असावे. प्रत्येक मूल जवळच्या एखाद्या भिंतीच्या शाळेशी जोडलेले असावे, आणि वर्षातून चार वेळा तिथल्या शिक्षकाने त्याला समोर बसवून वाचायला, लिहायला लावावे. त्या शिक्षकाला त्याचा मेहनताना मिळावा. जोतीरावांची तीन महिन्यांची मागणी दीडशे वर्षे होत आली तरी उभीच आहे.

शेवटची मागणी आपल्यासारख्यांची. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-अ आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे तो राज्यांना सांगतो. उद्या एखादा अधिकारी म्हणेल, मराठी फोनवर आहे की, मग शिक्षकाचे पद कशाला? फोनवरच्या मराठीचा एकेक धडा मराठी जाणणाऱ्या पगारी माणसाने वाचला आहे, हे दाखवल्याशिवाय ती सोय झाली असे धरता कामा नये. आणि असा वाचक नेमायला पैसा लागतो. तो मागायची आपल्याला लाज वाटते. 'दोन-चारशे मुलांसाठी एवढा खर्च?' असा प्रश्न येतो आणि आपण गप्प बसतो. गप्प बसू नका. धडा कमी मुलांनी वाचला म्हणून तो वाचून पाहण्याचे श्रम कमी होत नाहीत.

आमच्या देवासला नोटा छापण्याचा सरकारी कारखाना आहे. तिथून तपासल्याशिवाय नोट बाहेर पडत नाही, आणि त्या तपासणीचा खर्च कोणी उधळपट्टी मानत नाही. म्हणून तर कागदाच्या तुकड्यावर देश विश्वास ठेवतो. गुणपत्रिका हाही विश्वासावर चालणारा कागदच आहे. आबांच्या पिशवीतला तो कागद एका आजोबाने खरा मानला होता.

असो. आबांची नात आता दर रविवारी सकाळी माझ्याकडे येते. फोन घरी ठेवते, वही आणते. तिच्याबरोबर आणखी तीन मुले येऊ लागली आहेत. पुण्याच्या आजीचे पत्र मकरसंक्रांतीला गेले, चार ओळींचे, सहा चुकांचे. त्या चुका मी मुद्दाम तशाच ठेवल्या, कारण पत्र तिचे होते. पण सोनकच्छच्या एका मास्तरच्या ओट्यावर चार मुले बसली म्हणून सरकारचे काम झाले, असे कोणी समजू नये. मी आणखी काही वर्षांनी निवृत्त होईन. ओट्यावरचा मास्तर हा बिनपगारी तपासनीसच, आणि अशा माणसांच्या भरवशावर राज्य चालवणे बरे नव्हे. या दिवाळीत आपल्या घरातल्या मुलाचा फोन एकदा हातात घ्या, त्यातला मराठीचा एक धडा मोठ्याने वाचा, आणि जे सापडेल ते कागदावर लिहून आपल्या आमदाराकडे पाठवा. सोबत एवढेच विचारा, हा धडा तपासायला आपण किती पैसे ठेवले आहेत?